लोहाऱ्याच्या वकिलांची गाडी

नळदुर्गातून सोलापूरकडं निघालं की गाव संपता संपता रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रा, मागं एक खोली आणि समोर तेलानं कायमची काळी पडलेली जमीन. पाटी कधी लावली नाही. हैदराबादहून येणारे ट्रकवाले ढाब्यावर चहा पिता पिता 'शिवाप्पा मिस्त्री कुठं असतो?' म्हणून विचारायचे आणि ढाब्यावरचा कुणीही हात करून दाखवायचा. तेवढं पुरत होतं.

माझं सगळं आयुष्य त्या पत्र्याखाली गेलं. लोकांना वाटतं मिस्त्रीला यंत्र कळलं की झालं. यंत्र काही वर्षांत कळतं. कळायला अवघड असतो तो यंत्राबरोबर आलेला माणूस. रस्त्यात गाडी बंद पडली की माणसाला आपला स्वभाव झाकता येत नाही. उमरग्याचा एक व्यापारी होता. त्याचा ब्रेक पार गेलेला, आणि तो मलाच समजावत होता की काल तर लागत होता, म्हणजे आजही लागायला पाहिजे. एकदा तुळजापूरला निघालेलं वऱ्हाड माझ्याकडं अडकलं. सगळे घड्याळाकडं बघून घामाघूम झालेले, आणि नवरदेव बाशिंग मांडीवर ठेवून माझ्या बाकड्यावर निवांत बसलेला. कुणी जवळ नाही असं बघून मला हळूच म्हणाला, "मिस्त्री, सावकाश होऊ द्या. माझी काही घाई नाही." पुढं त्या लग्नाचं काय झालं ते मला कळलं नाही.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, की मला लोहाऱ्याच्या व्यंकटराव वकिलांची गाडी आठवते आणि पुढं बोलावंसं वाटत नाही. आज ते सांगायला बसलो आहे.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. आपला जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता आणि महाराष्ट्र अजून व्हायचा होता. व्यंकटराव जुन्या अमदानीतले वकील. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. त्यांचा उर्दू अर्ज वाचताना मुन्सिफ न्यायाधीश मान डोलवायचे, असं जुने पक्षकार सांगायचे. राज्य बदललं, कोर्टाची भाषा बदलली, आणि पन्नाशी गाठलेल्या या माणसाला पुन्हा मराठीत दावा लिहायला शिकावं लागलं. ते शिकले, पण तोवर पक्षकार नव्या वकिलांकडं गेले होते. व्यंकटरावांनी कधी त्याबद्दल कुरकुर केली नाही. बोलणं अदबीचं, मला, हमालाला, पाणक्याला, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे.

त्यांच्याकडं एक मोठी, काळी अमेरिकन गाडी होती. कायमचं हैदराबादला निघून गेलेल्या एका अंमलदाराकडून त्यांनी ती घेतली होती. लोहाऱ्यात तेव्हा मोटार म्हणजे नवल. वकिली कमी झाली तसा वकीलसाहेबांचा वेळ मोकळा झाला आणि ते घरच्या अंगणातच गाडीची बारीकसारीक कामं स्वतः करायला लागले. अडलं की गाडी घेऊन माझ्याकडं यायचे. मी काम करताना शेजारी बसून, हे इथंच का, ते तसंच का, असं विचारत राहायचे. मला ते आवडायचं. बाकीची गिऱ्हाइकं फक्त 'कधी होईल' एवढंच विचारत.

त्या साली दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या पत्नीच्या पोटात दुखायला लागलं. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही तेच म्हणत असे. एकुलती एक मुलगी बिदरकडं दिलेली, घरात ही दोघंच. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, आत गाठ लागतेय, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. दुसऱ्याच दिवशी पहाटे वकीलसाहेब आक्कांना गाडीत घालून निघाले. लोहाऱ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तेव्हा नुसता खडीचा, खड्ड्यांचा रस्ता. गाडी प्रत्येक वळणाला एका अंगावर कलंडायची आणि सावरताना खालून खडखडायची. एका वळणाला आक्का सीटवरून दारावर आपटल्या आणि कळ येऊन शुद्ध हरपल्यासारख्या झाल्या. वकीलसाहेब घाबरले. जळकोटपर्यंत आले आणि तिथून गाडी मागं वळवली.

दोन-चार दिवसांनी ते एकटेच गाडी घेऊन माझ्याकडं आले. गाडी दिसायच्या आधी मला तिचा आवाज आला.

यातलं काही न कळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मोटारीच्या पुढच्या भागात, खालच्या बाजूला, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा आडवा टाकलेला असतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकली की हा दांडा पीळ खातो आणि तिला परत ओढून सरळ करतो. तो गाडीच्या सांगाड्याला थेट बांधत नाहीत. दोन्हीकडं रबराचे जाड ठोकळे असतात, त्यांच्या भोकातून दांडा जातो आणि ठोकळ्यावर लोखंडी पट्टी आवळलेली असते. या रबराला आम्ही बुश म्हणतो. दांडा शाबूत असला आणि बुश गेले असले, तर दांडा असून नसल्यासारखा. तो भोकात नुसता खुळखुळतो आणि गाडी बोटीसारखी डोलते.

वकीलसाहेबांच्या गाडीचे बुश बोटानं दाबले तर भुगा होऊन खाली पडत होते. तेल गळून गळून रबर आधी फुगलं असावं आणि मग फुटलं असावं. मी त्यांना म्हटलं, ट्रकच्या जुन्या टायरातून कापून देतो, उद्या दुपारपर्यंत गाडी होईल.

त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "शिवाप्पा, साधं काम असतं तर मी हो म्हटलं असतं. यात आजारी माणसाला न्यायचंय. असली माल पाहिजे, कंपनीचा."

असली माल सोलापुरात नव्हता. तिथल्या दुकानदारानं मुंबईला कळवतो म्हणून सांगितलं. मुंबईकडून काही येईना. दिवाळी आली आणि गेली. वकीलसाहेब मधून मधून एसटीनं सोलापूरला जायचे, दुकानात चौकशी करायचे आणि येताना माझ्याकडं उतरायचे. दर वेळी मी टायरचं बोलायचो, दर वेळी ते मान हलवायचे. मग एसटीनंच न्या, असंही मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, मोटारीत ही गत झाली, एसटीत काय होईल. त्यात चूक काही नव्हती. त्यांचं प्रत्येक बोलणं असंच बरोबर असायचं, पण सगळं मिळून काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं.

पौषाची थंडी पडली होती. एक दिवस लोहाऱ्याच्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला, की आक्कांनी बोलावलंय आणि साहेब कोर्टात असताना यायला सांगितलंय. मी गेलो.

आक्का खिडकीशेजारी खाटेवर पडून होत्या. त्यांना मी वर्षभरानं बघत होतो. चेहरा एवढासा झाला होता, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सरकत होत्या. आवाज मात्र पहिल्यासारखाच. मला बसायला सांगितलं, घरच्यांची विचारपूस केली आणि मग सरळ विचारलं, रबर मुंबईहून आल्याशिवाय गाडी हलायचीच नाही का.

मी सांगितलं, टायर कापून बुश करता येतात, काही महिने चांगले टिकतात.

"काही महिने?" आक्का म्हणाल्या. "मला तेवढे लई झाले."

त्यांनीच पुढं सांगितलं, अगदी घरातल्या कामाबद्दल बोलावं तसं.

"शिवाप्पा, ते वाईट माणूस नाहीत. घाबरलेत. जन्मभर कोर्टात हेच केलं. निकाल वाईट लागायचा असला की पुढची तारीख मागायची. आता माझीपण तारीखच मागायलेत. रबर आलं की दुसरं काही काढतील."

मग म्हणाल्या, काम नळदुर्गात करू नका. इथंच करा, अंगणात, मला दिसेल असं. आणि काम झालं की झालं म्हणून सांगा, त्यांच्या तोंडाकडं बघू नका.

दुसऱ्या दिवशी मी अवजारं आणि टायरचा एक जाड तुकडा घेऊन लोहाऱ्याला गेलो. वकीलसाहेब तालुक्याच्या गावी कोर्टाला गेले होते. गाडीच्या पुढच्या अंगाला खालून हात पोचायला जागा पाहिजे. माझ्या गॅरेजात त्यासाठी बांधून काढलेला खड्डा होता. इथं काहीच नव्हतं. जॅकवर गाडी उचलून हे काम नीट होत नाही, कारण एक चाक वर आणि एक खाली असलं की दांडा आधीच पीळ खाऊन बसतो. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर टेकलेली पाहिजेत. म्हणून शेजारचा एक गडी मदतीला घेऊन मी अंगणातल्या मुरमात माणूस उताणा मावेल एवढा लांबट खड्डा खणला.

खणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो कसा दिसतोय. आजारी माणसाच्या खिडकीसमोर तसला खड्डा. दारावरून जाणारी एक बाई थबकली, आत बघितलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. आक्कांनीही खिडकीतून बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "मापानं तर माझाच दिसतो." आणि हसल्या. मी आणि तो गडी, दोघंही खाली बघत राहिलो.

मग आम्ही दोघांनी गाडी ढकलत खड्ड्यावर आणली आणि मी पायरीवर बसून रबर कापायला घेतलं. टायरचं रबर कोरडं कापलं तर सुरी अडकते. सुरी सारखी पाण्यात बुडवावी लागते. जुन्या बुशाचा जो काही तुकडा शाबूत होता त्याच्यावरून माप घेतलं, दांड्याच्या जाडीपेक्षा भोक जरासं लहान ठेवलं, म्हणजे पट्टी आवळल्यावर घट्ट बसतं.

दुपार कलली आणि वकीलसाहेब आले. फाटकातून त्यांना आधी खड्डा दिसला, मग मी. त्यांचा चेहरा असा झाला, की मी उठून पुढं गेलो आणि आधी सांगितलं, साहेब, गाडीसाठी खणलाय. त्यांनी फाटक लावून घेतलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला बोलावलं नव्हतं."

आतून आक्का म्हणाल्या, "मी बोलावलंय."

वकीलसाहेबांनी खिडकीकडं बघितलं. मग काळा कोट काढून खुंटीला लावला, धोतराचा काचा मारला आणि मला म्हणाले, "मला करू द्या. तुम्ही फक्त सांगा."

मी नको म्हणणार होतो. पण त्यांना ते हवं होतं, हे दिसत होतं. ते गाडीखाली खड्ड्यात उतरून पाठीवर झोपले आणि मी कडेला पोटावर पडून सांगत राहिलो. गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडायला लावलं. ते मुरेपर्यंत थांबायला लावलं. पट्ट्या सुटल्या, जुन्या रबराचा चुरा त्यांच्या तोंडावर पडला. दांडा जिथं रबरात बसतो तिथला गंज त्यांनी पॉलिशपेपरनं घासून काढला. मग त्यांनी तेलाची बाटली मागितली. मी सांगितलं, इथं तेल लावायचं नाही, तेलानंच पहिलं रबर खाल्लंय. साबणाचं पाणी लावून सरकवायचं. साबण कुठून आणावा म्हणून मी उठेपर्यंत आक्कांनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून अंगाच्या साबणाची वडी पुढं केली. उठून तिथवर येण्याचा त्यांना केवढा त्रास झाला असेल. गाडीखाली असल्यामुळं वकीलसाहेबांना तो हात दिसला नाही. मी वडी घेतली आणि पाण्यात बुडवली.

नवे बुश दांड्यावर चढवायला एका बाजूनं चीर द्यावी लागते. चीर मागच्या अंगाला ठेवून त्यांनी ते बसवले, पट्ट्या लावल्या आणि जोर करून नट आवळायला लागले. इतका जोर, की रबर पट्टीबाहेर फुगून आलं. मी म्हटलं, साहेब, ढिलं करा. आत्ता फक्त बेतानं धरायचं. आधी गाडी वरून दाबून हलवायची, दांड्याला आपली जागा घेऊ द्यायची, मग शेवटचं आवळायचं. ते थांबले. खालून विचारलं, "हे झाल्यावर गाडी डोलणार नाही?"

"कमी डोलेल."

"कमी म्हणजे?"

"रस्ता आहे तोच आहे, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी नट ढिले केले. गाडी हलवून बसवल्यावर शेवटचे आटे मी स्वतः आवळणार होतो, पण त्यांनी पाना सोडला नाही.

आम्ही गाडी बाहेर काढून गावाभोवती एक चक्कर मारली. इतकी वर्षं काम केल्यावर स्वतःच्या कामाची तारीफ करायला लाजत नाही. गाडी बदलली होती. वळणाला झुकायची आणि गुमान सरळ व्हायची. पुढचा खडखडाट बंद झाला होता. आणि तो बंद झाल्यामुळं मागचा एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. मागच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचा, करकर आवाज. वकीलसाहेबांनी गाडी थांबवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हे पण बघावं लागेल. पाट्या उतरवून घेऊ. संक्रांत होऊन जाऊ द्या, मग निवांत निघू."

आक्का म्हणाल्या होत्या तसंच झालं.

परत आलो तर आक्का दारात उभ्या होत्या. चौकट धरून. अंगावर धुवट इरकली लुगडं, केस विंचरलेले. त्यांनी नवऱ्याकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "झालं का काम?"

वकीलसाहेब माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"झालं, आक्का. गाडी तयार हाय."

"मागच्या पाट्या करकरतायत," वकीलसाहेब म्हणाले.

"करकरू द्या," आक्का म्हणाल्या. "उद्या सकाळी निघायचं. शिवाप्पा, तुम्ही मुक्काम करा, गाडी तुम्हीच चालवा. आणि जायच्या आधी अंगणातलं ते बुजवून टाका."

वकीलसाहेब पायरीवर बसले. हात काळे, तोंडावर गंजाचा भुगा. बराच वेळ ते आपले तळहात बघत होते. सकाळी मी उठलो तेव्हा खड्डा बुजवलेला होता आणि वकीलसाहेब विहिरीवर हातपाय धूत होते.

त्या दिवसाइतकी सावकाश गाडी मी कधी चालवली नाही. मागं गोधड्यांच्या वळकट्या लावून आक्कांना निजवलं होतं, त्यांचं डोकं वकीलसाहेबांच्या मांडीवर. जिथं त्या दसऱ्याला आपटल्या होत्या ते वळण गेलं, त्यानंतरची गेली, आणि खडीचा रस्ता संपून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. नळदुर्गच्या पुलाकडं उतरताना मागून आक्कांचा आवाज आला, "आज पडले नाही." आरशात वकीलसाहेब दिसत होते. त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं होतं.

सोलापूरच्या दवाखान्यात बराच वेळ गेला. मी गाडीपाशी थांबलो होतो. वकीलसाहेब एकटे बाहेर आले आणि माझ्याशेजारी मडगार्डला टेकून उभे राहिले. मला वाटलं, पान-सुपारी मागतील. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला.

"आता कापून उपयोग नाही म्हणाले," ते म्हणाले. "पसरलंय. घरी न्या, आराम द्या."

मी विचारलं, आधी आणलं असतं तर?

"तसं ते काही बोलले नाहीत. भले माणूस आहेत." वकीलसाहेबांनी मडगार्डवरची धूळ उपरण्यानं पुसली. "त्यांनी फक्त विचारलं, इतके दिवस काय करत होता. मी सांगितलं, गाडी नीट नव्हती."

एवढं बोलून ते आक्कांना आणायला आत गेले. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. त्या डॉक्टरांनाही ठाऊक असेल असं वाटत नाही. पण वकीलसाहेबांनी दिलेलं उत्तर खरं होतं, आणि इतकं खरं उत्तर इतकं वाईट मी कधी ऐकलं नाही.

येताना आक्का बऱ्याच बोलत होत्या. मुलीला बोलावून घ्यायचं म्हणत होत्या, घरातल्या कुठल्या डब्यात काय आहे ते सांगत होत्या. अणदूरच्या अलीकडं ज्वारी कमरेच्या वर आली होती. तिथं त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरायचं नव्हतं, नुसती काच खाली करून वारा घेतला. वकीलसाहेबांनी शेतवाल्याला विचारून एक कणीस आणलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं. आक्कांनी चार कोवळे दाणे तोंडात टाकले आणि उरलेले त्यांनाच परत दिले. 'तुम्ही खा,' म्हणाल्या, 'सकाळपासून उपाशी आहात.' वकीलसाहेबांनी ते खाल्ले. मी रस्त्याकडं बघत राहिलो.

शिमग्याच्या आत आक्का गेल्या. मुलगी शेवटचे दिवस जवळ होती. मी मातीला गेलो होतो. नंतर रस्त्यावरून येणाऱ्या लोकांकडून कळलं, की वकीलसाहेब कोर्टात जात नाहीत, गाडी गुलबर्ग्याकडच्या कुणाला देऊन टाकली.

पावसाळा उलटल्यावर एक दिवस ते माझ्या दारात एसटीतून उतरले. बाकड्यावर बसले, चहा घेतला. मग म्हणाले, "शिवाप्पा, मला तुमच्याकडं काम द्या."

मला वाटलं, माणूस डोक्यानं हललाय. मी विषय बदलला. दुसऱ्या आठवड्यात ते परत आले, येताना एक जुनं धोतर पिशवीत घालून. मी टायर कापायला दिला. ते कापत बसले. तेव्हापासून आठवड्याच्या बाजारादिवशी यायला लागले आणि पुढं कित्येक वर्षं येत राहिले. बुशाचं काम आलं की ते त्यांचं. ट्रकवाले आधी हसायचे. वकील गाडीखाली झोपलाय हे बघायला ढाब्यावरची माणसं यायची. मग सवय झाली. त्यांच्या हातचे बुश माझ्यापेक्षा चांगले बसायचे, हे मी लपवून ठेवणार नाही. ते कधी घाई करत नसत, कधी जास्त आवळत नसत. आम्ही आक्कांबद्दल कधी बोललो नाही.

एका उन्हाळ्यातली दुपार सांगून थांबतो. उमरग्याच्या बाजूनं एक मोटार आली, पुढून खडखडत. चालवणारा चाळिशीचा माणूस. मागच्या सीटवर त्याचा म्हातारा बाप आडवा पडलेला, वळणावळणाला कण्हत होता म्हणे. त्या माणसानं मला विचारलं, हे दुरुस्त करायला किती वेळ लागेल, बापाला फार हिसके बसतात. मी वाकून बघितलं. सोपं काम होतं. कापलेले बुश खोलीत तयार होते. आता सांगणार, तेवढ्यात एका ट्रकखालून वकीलसाहेब बाहेर आले.

त्यांनी गाडीत डोकावून म्हाताऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं न्यायलाव?"

"सोलापूरला, दवाखान्यात."

"मग जावा. येताना करून देऊ."

"अहो, पण त्यांना सहन होत नाही."

"ओरडू द्या त्यांना," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही थांबू नका."

त्या माणसाला राग आला. मालक कोण म्हणून तो माझ्याकडं वळला. मी त्याला हातानं जायची खूण केली. तो काहीतरी पुटपुटत बसला आणि गाडी जोरात काढली. वकीलसाहेब भर उन्हात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खडखडाट पुलापर्यंत ऐकू येत होता, मग चढावर लागला, मग विरला. ते तरी तिथंच उभे होते. मागून एका ट्रकनं भोंगा दिला तेव्हा बाजूला झाले.

परत आले तेव्हा मला एवढंच विचारलं, "पोचतील ना?"

"पोचतील," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ट्रकखाली शिरले. बराच वेळ आतून पान्याचा आवाज आला नाही. मी दुसरं काम हातात घेतलं.